निनगलच्या घराची जुनी वीट

बैलांचा महिना, चंद्र संपत आलेला. उर.

इसिनच्या धक्क्यावर ओझी उचलणाऱ्या, इसिनच्या मागांवर बसणाऱ्या, इसिनच्या राजाची भाकरी खाणाऱ्या उरच्या लेकरांनो,

तुमची आणि आमची तक्रार एकच आहे. आपलं शहर पडलं तेव्हा आपल्याला रडायला कुणी सवड दिली नाही. एलामचे सैनिक वेशीत होते, कणग्यांत दाणा नव्हता, आणि मेलेल्यांच्या नावानं पाणी ओतायचं तर घागरीत पाणी नव्हतं. जो तो उठला आणि मिळेल त्या नावेत बसला. आता राजा म्हणतो, रडा. निनगल देवीच्या घराची पडकी भिंत उतरवून नवी बांधायची आहे. जुनी भिंत उतरवायची तर विलाप गायलाच हवा, नाहीतर देवीला वाटेल पुन्हा कुणी शत्रूच आला. म्हणजे सवड मिळाली. पण रडायचं कसं, ते मात्र इसिनमध्ये ठरलं.

नवा विलाप काल नावेतून आला. डांबर लावलेल्या सुरेख टोपलीत मातीच्या पाटीवर पाटी, एकीचाही कोपरा उडालेला नाही. मी देवीच्या अंगणात बसून तो बायकांना वाचून दाखवला. शहराचं वर्णन चांगलं आहे. ओस पडलेल्या खुराड्यांचं आहे, बोरूच्या बेटात कुजलेल्या नावांचं आहे. ते ऐकून दोघीतिघींनी डोळे पुसले. मग निनगल देवांच्या राजासमोर, एनलिलसमोर, येऊन उभी राहते. जुन्या विलापात ती तिथं विचारते, तुम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलंच विचारते: "माझ्या घराचं दार मोडत होतं तेव्हा, एनलिल, तुझी नजर कुठे होती?" नव्या पाटीवर ती काही विचारत नाही. ती म्हणते, "एनलिल, तू ठरवलंस ते योग्यच होतं."

मासे विकणारी निन-एझेम आमच्यात सगळ्यात थोरली. तिनं कानात करंगळी फिरवली आणि म्हणाली, "परत वाच बाई. घर गेलेली बाई असं बोलते? हिचं सासर इसिनचं आहे का?"

हसू आलं आणि मग कुणालाच हसवेना.

मी उरच्या पाटीशाळेत वाढले. बापाच्या मांडीवर अक्षरं शिकले. निप्पुरचे, उरुकचे, एरिदूचे विलाप मी वाचले आहेत. एकातही देवी मान डोलावत नाही. मान डोलावायला देवाकडे नोकर पुष्कळ आहेत. ज्याच्यापुढे तोंड उघडायची मुभा नाही, त्याच्यापुढे गाण्यात काय राहिलं? म्हणून आम्ही ठरवलं आहे: हा विलाप उरच्या बायका गाणार नाहीत.

तुम्हाला वाचता येत नाही. ही पाटी तुम्हाला माझा धाकटा भाऊ लू-शागा वाचून दाखवेल. विलापगायकाचा मुलगा, आता राजाचा विलापगायक. नवा विलाप त्यानंच रचलाय. शागा, तुला ओळी गाळायची खोड आहे. ही ओळ गाळू नकोस.

शेवटचं फक्त तुझ्यासाठी, मोठ्यानं वाचू नकोस. माझी तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

अमा-गिना

विटांचा महिना, चंद्रकोर दिसली त्या दिवशी. उर.

लू-शागाला सांगणारी त्याची बहीण अमा-गिना.

माझी पाटी तू धक्क्यावर वाचलीस असं नावाडी सांगतो. अगदी गाळलेल्या ओळीसकट वाचलीस, तेही सांगतो. उत्तर मात्र आलं नाही. ते मागायला ही पाटी लिहीत नाही. इथं एक गोष्ट घडली आहे आणि ती विलापगायकाला कळायलाच हवी. उरमध्ये आता विलापगायक उरलेला नाही, म्हणून तुला लिहिते.

आज भिंत उतरवायचा मुहूर्त होता. इसिनच्या कारभाऱ्यानं तुमच्याकडचाच एक गायक आणला होता, गोरागोमटा, केसांना तेल. बलग, विलापाची वीणा, त्यानं छान जुळवली. तुझा विलाप तो सुरेल गायला. शहराच्या वर्णनाला आम्ही साथ दिली. मग देवीची ओळ आली. "तू ठरवलंस ते योग्यच होतं," असं तो म्हणाला आणि बायकांच्या झिलीसाठी थांबला. आम्ही ठरल्याप्रमाणे तोंड मिटून उभ्या राहिलो. त्यानं तारा पुन्हा छेडल्या. पुन्हा थांबला. त्या शांततेत खालच्या कालव्यातलं बदकसुद्धा ऐकू येत होतं.

आणि अकल्लानं वीट काढली.

तुला अकल्ला गवंडी आठवत असेल, बाबांच्या वेळचा. आता मान थरथरते, पण हात तसाच आहे. त्यानं पहार लावली, भिंतीच्या पायातली निनगलची जुनी वीट अलगद सैल केली, छातीशी धरून बाहेर आणली, आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की शाबासकी द्या. मी किंचाळलेच. मग त्याचा चेहरा पडला. तो म्हणतो, "मला वाटलं इसिनकडं असंच असेल. गाणं थांबवून गप्प उभं राहायचं, म्हणजे वीट काढायची. त्यांचं सगळंच उलटं असतं, मी कुणाला विचारू?"

त्याच्यावर रागवता येईना. खरंच आहे, नवं कसं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंय?

पण पुढचं तुला माहीत आहे. जुनी वीट बाहेर आली की विलाप सुरू असायला हवा आणि ती नव्या पायात बसेपर्यंत तो थांबता कामा नये. वीट परत भिंतीत घालता येत नाही. आता हे घर जुनंही नाही, नवंही नाही. देवी आत बसलेली नाही आणि बाहेरही पडलेली नाही, दारात उभी आहे. तेल लावलेल्या गायकानं हे ओळखलं, त्याचं पोट दुखायला लागलं, आणि दुपारच्या आत त्याची नाव गेली. जाताना बलग ठेवून गेला, एवढी अक्कल होती.

मग आम्ही बसलो. वीट बोरूच्या चटईवर ठेवली, वर सावली केली, पुढे पीठ आणि जवाची दारू ठेवली. मी जुना विलाप सुरू केला. बाबांचा. दुसरा मला येत नाही.

त्याचा शेवट फक्त तुझ्याकडे आहे, हे मी विसरलेले नाही.

विटांचा महिना, चंद्र अर्धा झाला. इसिन.

ताई,

तुझ्या दोन्ही पाट्या पोचल्या. पहिली धक्क्यावर वाचली तेव्हा लोक मला शिव्या देतील असं वाटलं होतं. कुणी काही बोललं नाही. एका हमालानं फक्त विचारलं, "देवी खरंच असं विचारायची?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग बरं वाटतं." आणि पोतं उचलून गेला.

तू घरातल्या घरातही सभेत बोलल्यासारखी बोलतेस, म्हणून मला नेहमी आधी हरल्यासारखं वाटतं आणि मग उत्तर सुचतं. ते आता ऐक.

तो प्रश्न मी राजाला घाबरून काढला नाही. राजाला विलापातल्या ओळी मोजता येत नाहीत. त्याला शेवटी त्याचं नाव आलं की पुरतं. इथला कारभारी मात्र म्हणाला होता की देवाला जाब विचारणारा गायक दरबारात शोभत नाही. ते मी ऐकून घेतलं. पण काढलं ते माझ्या मनानं काढलं. विलाप कशासाठी असतो? देवाचं काळीज निववण्यासाठी. आपण रोगी नाही आहोत, वैद्य आहोत. एनलिलचा राग आत्ता कुठं उतरलाय. कालव्यांना पाणी आहे, मेंढ्यांना जुळी होताहेत. अशा वेळी त्याच्यापुढे उभं राहून "तुझी नजर कुठे होती" विचारायचं? विझत आलेल्या शेगडीत फुंकर मारायची? तू म्हणशील, देवीला विचारायचा हक्क आहे. असेल. तिचं घर पुन्हा जळालं तर तिला दुसरी देवळं आहेत. निन-एझेमला दुसरं घर आहे का?

विटेचं झालं ते वाईट झालं. अकल्लाला माझा नमस्कार सांग, आणि रागावू नकोस.

शेवट मी पाटीवर लिहून पाठवू शकत नाही. तो लिहायचा नसतो, मुखातून कानात जायचा असतो, हे बाबांनी तुझ्यादेखत मला सांगितलं होतं. तू तेव्हा चुलीपाशी होतीस आणि ऐकत नसल्यासारखं करत होतीस.

उरला यायचं म्हणशील तर ते मला जमणार नाही. कारण विचारू नकोस.

तुमच्या घशाला मध आणि तीळतेल पाठवतोय.

शागा

विटांचा महिना, पूर्ण चंद्र. उर.

शागा,

मध पोचला. निन-एझेमनं अर्धा खाल्ला आणि म्हणाली, तुझ्या भावाला गोड बोलता येत नाही म्हणून गोड पाठवतो.

तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. खोटं सांगत नाही, त्यात दम आहे. निन-एझेमला दुसरं घर नाही, हे तू बरोबर लिहिलंस. म्हणून मी तिलाच विचारलं. तिचे दोन मुलगे वेढ्यात गेले, हे तुला माहीत आहे. ती मासे साफ करत होती. मी म्हटलं, माझा भाऊ म्हणतो प्रश्न विचारला तर देव पुन्हा तापेल. ती म्हणाली, "माझा नवरा तापायचा तेव्हा मी गप्प बसायचे. वर्षानुवर्षं गप्प बसले. तो काही निवला नाही. एकदा तोंडावर विचारलं, मग रडला मेला." मग म्हणाली, "देव नवऱ्याहून बरा असावा, नाही का?"

वैद्याचं तू म्हणतोस. बरं, वैद्य तरी आधी विचारतो, कुठं दुखतं. ज्याला दुखणं सांगू दिलं नाही त्याच्या कपाळावर गार पट्टी ठेवून काय उपयोग? आणि हे दुखणं एकट्या देवाचं नाही. देवी विचारते तेव्हा आख्खं अंगण विचारतं. वर्षभर ज्या बाईनं शेजारणीपुढेसुद्धा मुलाचं नाव काढलं नाही, ती त्या ओळीला तोंड उघडते. तेवढीच एक ओळ आहे जिथे तिला देवाशी समोरासमोर बोलता येतं. ती काढून घेतलीस तर उरतं ते दरबारातलं गाणं. देव ते ऐकेलही. पण ते त्याला कुणी म्हटलेलं नसेल.

आता इथलं ऐक. आम्ही आळीपाळीनं गातो. सूत कातणाऱ्या येतात, दारू गाळणाऱ्या येतात, काल दोन कोळिणी पोरं कडेवर घेऊन आल्या. शहराचं वर्णन, देवांची नावं, मग देवीचा प्रश्न. प्रश्नापर्यंत आलं की पुढे वाट नाही. पुढचं, काळीज निववण्याचं, बापानं मुलालाच दिलेलं. म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. लोक आता हसतात, म्हणतात उरच्या बायकांना देवळाच्या दारापर्यंत जाता येतं, आत जाता येत नाही. हसू देत.

कारभारी रोज येतो. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. वीट फक्त याच महिन्यात बसवता येते, हे त्यालाही माहीत आहे. महिना सरला तर राजाचं बांधकाम वर्षभर अडतं, आणि ते त्याच्या मानेवर येतं. त्यानं ठरवलंय की चंद्र दिसेनासा व्हायच्या आधी ढोल वाजवून, राजाची स्तुती गाऊन, वीट पायात ठेवायची. मी म्हटलं, विलाप संपलेला नाही. तो म्हणाला, "बाई, तुमचा विलाप कधी संपणार तेवढं सांगा, मी थांबतो." आयुष्यात मला पहिल्यांदा उत्तर देता आलं नाही, शागा, आणि तेही एका कारकुनापुढे.

विलाप अर्धा राहिला तर रोगराई येते म्हणतात; मला तिची भीती नाही. बायकांना आहे, ती मी हसण्यावारी नेते. माझी भीती वेगळी आहे. रडणं अर्धं टाकून घर उभं राहू शकतं हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी आम्हाला अंगणात बोलावणारही नाहीत.

घसा थोडा बसलाय. हवेमुळे असेल.

तू येणार नाहीस म्हणतोस. कारण विचारलं नाही.

विटांचा महिना, चंद्र झिजत आलेला. उर.

लू-शागा,

या पाटीवरचं अक्षर नीट आहे ना? मला आता लिहिण्याशिवाय दुसरं काम उरलेलं नाही. आवाज गेला. पूर्ण गेला. देवीची ओळ आता निन-एझेम म्हणते. मासे विकताना ओरडते तशी म्हणते. पण म्हणते. मी विटेपाशी बसते आणि पीठ बदलते.

काल कारभाऱ्याला मी पाटीवर लिहून सांगितलं, आणखी थोडं थांब. त्यानं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि अमावास्येच्या आधीची शेवटची सकाळ दिली. ढोल मात्र आणून ठेवलेत. अकल्लानं नवा पाया तयार ठेवलाय, तेल आणि मध शिंपून. तो वीट उचलायला नाही म्हणतो. म्हणतो, एकदा चुकलो, आता गाणं संपल्याचं मला कुणीतरी हातानं खुणावलं पाहिजे, मगच हलीन. कारभाऱ्यानं दुसरा गवंडी शोधलाय.

तू का येत नाहीस, ते मला माहीत आहे. नाहीतरी किती वर्षं आपण ते न बोलण्यात घालवणार? वेढ्यात शेवटची नाव सुटली तेव्हा बाबांनी बलग तुझ्या मांडीवर ठेवली आणि तुला बसवलं. मला धक्क्यावर ठेवलं. तुला वाटतं मी ते तुझ्याबद्दल मनात धरून ठेवलंय. हो, ठेवलं होतं. कालवे मोकळे झाल्यावर तू आला नाहीस, ते त्यासाठीच, हेही कळत होतं. पण बाबांनी बरोबरच केलं. गाण्याची दोन अंगं त्यांनी दोन ठिकाणी ठेवली. एक जळलं तरी दुसरं राहावं म्हणून. शेतकरी बियाण्याचं तेच करतो.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. आज सांगते, कारण आता मोठ्यानं बोलता येत नाही.

शेवटच्या दिवशी बाबा देवीच्या अंगणात विलाप गात होते. बलग नव्हतीच, मांडीवर थाप देऊन. आम्ही मूठभर बायका साथीला होतो. वेस फुटल्याचा आवाज आला तेव्हाही ते थांबले नाहीत. सैनिक अंगणाच्या दाराशी आले तेव्हा ते देवीच्या ओळीवर होते. "माझ्या घराचं दार मोडत होतं तेव्हा, एनलिल, तुझी नजर कुठे होती?" ओळ पूर्ण झाली. आम्ही झील दिली. पुढची ओळ म्हणायला त्यांनी श्वास घेतला. मी त्यांच्याशेजारी होते, तो श्वास मी ऐकला.

पुढची ओळ उरमध्ये अजून कुणी म्हटलेली नाही.

तू जी ओळ काढलीस ती हीच, देवीच्या प्रश्नाची. तुला माहीत असणं शक्य नव्हतं. तू पाटीवरून एक वाक्य खोडलंस. मला मात्र वाटलं तू बाबांच्या तोंडावर हात ठेवलास. म्हणून ती पहिली पाटी इतकी तापलेली होती. तिच्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही, फक्त तो राग कुठून आला ते तुला कळावं.

आणि तुझंही मी मानते. निववण्याशिवाय प्रश्न म्हणजे उघडी जखम, हे मी इतके दिवस रोज गाऊन शिकले. पुन्हा पुन्हा त्याच ओळीशी येऊन थांबणं फार वाईट असतं, शागा. बायकांचे डोळे तिथे पोचले की दगडासारखे होतात. त्यांना पुढे न्यायला हवं. मला ते येत नाही. मला ते कधीच शिकवलं नव्हतं, आणि चुलीपाशी बसून मी चोरून ऐकायचा प्रयत्न केला तेव्हा तू फार हळू म्हणायचास.

दरबारातली जागा जाईल, हे खरं आहे. मी खोटा दिलासा देत नाही. इथं तुला मासे, कांदे, जवाची भाकरी आणि निन-एझेमचे टोमणे मिळतील. ती आत्ताच विचारते आहे, भाऊ अजून तेवढाच बारीक आहे का, म्हणजे किती मासे सुकवायचे ते तिला कळेल.

ही पाटी घेऊन येणारा नावाडी आपला आहे. त्याला सांगून ठेवलंय. धक्क्यावर कुणाला विचारू नकोस, तिथल्या कारभाऱ्याची परवानगी मागू नकोस, आणि बलग शोधू नकोस, ती विटेजवळ आहे, जुळवलेली. याच नावेत परत बस. प्रवाह उरकडेच येतो, त्याला वेळ लागणार नाही. बोरूच्या बेटाला वळसा घातलास की आमचा आवाज ऐकू येईल. गाणं कुठे पोचलंय ते बघ आणि अंगणात ये. पाय धुवायला थांबू नकोस. माझ्याकडे बघू नकोस, मला रडू येईल आणि मला आता आवाज नाही. निन-एझेम प्रश्न विचारेल. आम्ही झील देऊ. मग श्वास घे आणि पुढची ओळ म्हण.